ओकचा मोहोर

वॉल्टर हिबर्ड यांनी डहाळीचं टोक डाव्या हाताच्या अंगठ्याखाली धरलं आणि हलकेच चोळलं. टोकाची कोवळी पानं काळी पडलेली होती. त्यांचा चहापत्तीसारखा चुरा त्यांच्या मांडीवरच्या ब्लँकेटवर पडला.

"मेलं," ते म्हणाले.

सुप्रभा आगाशे त्यांच्या उजव्या पायाजवळ गुडघे टेकून बसली होती. घोट्यावरची जुनी जखम धुऊन झाली होती, पट्टी अर्ध्यावर आली होती. तिने मान वर केली.

"काय मेलं, मिस्टर हिबर्ड?"

"फूल."

"नाही हो. हे बघा ना, तुरे तर आहेत की एवढे!" ती डहाळी तिनेच सकाळी येताना रस्त्याकडेच्या ओकवरून तोडून आणली होती. जानेवारीतल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर हिबर्डना रानात जाता येत नव्हतं, म्हणून रानातलं काहीतरी त्यांच्या हातात द्यावं एवढाच तिचा हेतू होता. "झाडाखाली एकसुद्धा पडला नव्हता. म्हणून तर मी तुम्हाला गुरुवारी म्हटलं, यंदा भरपूर आहे."

हिबर्डनी मान हलवली. झटक्याने उजवी बाजू गेली होती आणि वाचेतले बहुतेक शब्दही. उरलेले ते जपून वापरत. त्यांनी बोट लोंबत्या पिवळट तुऱ्यावर ठेवलं. "नर." मग बोट डहाळीच्या काळ्या टोकाकडे गेलं. "मादी. इथे." आणि त्यांनी डोळे मिटले.

सुप्रभाच्या हातातली पट्टी थांबली.

तिचं माहेर कोकणात, आंजर्ल्याला. धुक्याची रात्र गेली की तिचे वडील पहाटे बागेत जात, पण वर बघत नसत. कलमाखालची जमीन बघत. मोहोर खाली पडलेला असला तर गेला, झाडावर टिकलेला असला तर वाचला. गेल्या आठवड्यात हॅम्पशरमध्ये मे महिन्यात अवचित कडक दव गोठलं होतं, आणि गुरुवारी तिनेही नेमकं तेच केलं होतं. गाडी थांबवून ओकखालचं गवत बघितलं होतं. तुरा पडलेला नव्हता. ती समाधानाने पुढे निघाली होती.

पण ओकची रीत निराळी. लोंबणारे तुरे फक्त नराचे. त्यांनी वाऱ्यावर पराग सोडायचा आणि गळून जायचं. फळ धरायचं ते कोवळ्या फुटीच्या टोकाशी असलेल्या मोहरीएवढ्या लाल ठिपक्यातून. दवाने दोन्ही जाळली होती, आणि जळलेला तुरा जागच्या जागी वाळला होता. तो टिकला म्हणून पडला नव्हता असं नाही. काम व्हायच्या आधीच मेला, म्हणून पडला नव्हता.

"तुम्ही मिस्टर टॅरंटना सांगितलंत?" तिने विचारलं.

"शुक्रवारी." हिबर्डनी डोळे उघडले. "खाली... म्हटलं."

"आणि ते पेरणार कधी?"

"उद्या."

तिने पट्टी पुरी केली, टोक खोचलं, पाय हलकेच स्टुलावर ठेवला. हात नेहमीच्या सवयीने चालले होते, आणि मनात एकच गोष्ट फिरत होती: आपल्या बोलण्यावर हा माणूस बोलला.

हिबर्ड तीस-पस्तीस वर्षं इथले गेमकीपर होते. बेसिंगस्टोकच्या दक्षिणेला टेकडीच्या उतारावर जे ओकचं रान आहे, तिथल्या शिकारीच्या पाखरांची राखण त्यांच्याकडे होती. नोव्हेंबर उजाडला की आजूबाजूचे दहा-पंधरा शिकारी तिथे जमत. शेतकरी, एक गुरांचा डॉक्टर, गावातला बिल्डर. त्यांचा म्होरक्या म्हणजे रॉजर टॅरंट, टेकडीखालच्या शेताचा मालक. शिकार फेझंटची: कोंबड्याएवढं, लांब शेपटीचं तांबूस पाखरू. त्याला ओकचं टोपीवालं फळ, एकॉर्न, अतिशय प्रिय. दाण्याची पिंपं भरून ठेवा, तरी एकॉर्न पिकलं की पाखरू पिंपाकडे पाठ फिरवून झाडाखाली जातं. म्हणून पाखरांना धरून ठेवण्यासाठी, ज्या बाजूला फळ येणार, वर कड्याकडे किंवा खाली ओढ्याकाठी, त्या बाजूच्या शेतात मक्याचा एक पट्टा पेरायचा. पट्टा एकच, बियाणं एकदाच, आणि पेरणी मे महिन्यात. चुकीच्या बाजूला पेरलं तर हिवाळ्यात पाखरं टेकडी ओलांडून शेजाऱ्याच्या रानात जातात आणि आपले शिकारी रिकाम्या मक्यासमोर उभे राहतात.

"त्यांना वाटतं शिकार नोव्हेंबरात होते, सिस्टर," वाचा शाबूत असताना हिबर्ड म्हणायचे. "ती मेमध्येच झालेली असते. आम्ही नुसते नोव्हेंबरात भिजायला जातो."

म्हणून दर वर्षी मे महिन्यात एका शुक्रवारी टॅरंट हिबर्डच्या दारात उभा राही आणि विचारी, "काय म्हणतंय रान?" हिबर्ड सांगत तिथे मका पडे. निवृत्तीनंतरही हा रिवाज चालू होता. यंदा मात्र महिन्यापूर्वी रस्त्यात भेटला तेव्हा टॅरंट सुप्रभाला हळूच म्हणाला होता, की पुढच्या वर्षीपासून बियाणं विकणाऱ्या कंपनीचा माणूसच येऊन बघेल. म्हाताऱ्याला त्रास कशाला. त्यात दुष्टपणा नव्हता. पण तो प्रश्न विचारला जाणं म्हणजे हिबर्डच्या वर्षाचा कणा होता, हे सुप्रभाला ठाऊक होतं. उद्या जर मका चुकीच्या जागी पडला, तर तो प्रश्न पुढच्या वर्षी तर नाहीच, आणि गेल्या तीस वर्षांवरही त्याची सावली पडेल.

"वरचं बघ," हिबर्ड म्हणाले. "कड्यावरचं. थंडी... पाणी. खाली... उतरते."

"थंडी पाण्यासारखी खाली उतरते. म्हणजे वरची झाडं वाचली असतील?"

"बघ," ते म्हणाले.

सुप्रभाला या गावांत डिस्ट्रिक्ट नर्स म्हणून येऊन चौदा वर्षं झाली होती. त्र्याऐंशी साली ती आली तेव्हा दोन-तीन घरांतून सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन गेले, की आधीच्याच नर्सला पाठवता येईल का. कोणी उद्धटपणे बोललं नाही. सगळे अतिशय नम्रपणे तिला दारात उभं ठेवत. दार उघडलं की तिच्याच तोंडी येऊ लागलं होतं, "मी आले तर तुमची हरकत नाही ना?" हिबर्डच्या दारातही ती तेच म्हणणार होती. पण त्यांनी आधीच खुर्चीतून ओरडून विचारलं, "पायाला फार घाण वास येतोय, सिस्टर. तुमची हरकत नाही ना?"

ती हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की या नोकरीत आपण प्रथमच हसलो आहोत.

त्या दिवसानंतर हिबर्डनी कुंपणावरून शेजाऱ्यांना काय सांगितलं ते तिला कधी कळलं नाही. फोन मात्र थांबले. पहिल्या हिवाळ्यात ती या अरुंद रस्त्यांत वारंवार चुके. पाट्या नसत, असल्या तर वेलीत बुडालेल्या. हिबर्डनी तिला झाडांच्या खुणा दिल्या. रानसफरचंदापाशी डावीकडे, हेझलच्या कुंपणाला लागून सरळ, ब्लॅकथॉर्न संपला की मिसेस लव्हेलचं घर. झाडं ओळखता ओळखता तिला रस्ते कळले, आणि मग माणसं. वसंतात ती त्यांना बातमी आणून देऊ लागली. ब्लॅकथॉर्न फुलला आणि उत्तरेचा वारा सुटला म्हणजे शरदात त्याची निळी आंबट फळं कमी. रानसफरचंद उशिरा फुलतं, म्हणून शहाणं. एप्रिल कोरडा आणि वाऱ्याचा गेला तर पराग दूर जातो, पावसाचा गेला तर तिथेच चिकटतो. ओक तेवढा हिबर्ड स्वतः बघत. म्हणून ओकबद्दल तिला काहीच कळलं नाही.

सर्जरीतून तिने नवऱ्याला फोन केला. गिरीश बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये होता आणि चारच्या सुमाराला मोकळा होई.

"अहो, तुमचं ते छोटं लेन्स घेऊन या. टेकडी चढायचीय."

"आत्ता? अगं, आज तर तुझा हाफ डे. आपण लॉनचं बघणार होतो ना."

"लॉन कुठे पळत नाही. मका उद्या पेरतायत."

"कोणाचा मका? सुप्रभा, तू नक्की नर्सच आहेस ना?"

तो आला, पण ऑफिसच्या बुटांत. वरच्या चढावर पोचेपर्यंत त्या बुटांचं काही उरलं नाही.

"मी मायक्रोस्कोपवर बसणारा माणूस आहे," धापा टाकत तो म्हणाला, "मेंढपाळ नाही. रबरी वेलिंग्टन बूट सांगायचे ना!"

"सांगितले असते तर तुम्ही शोधत बसला असता. चला, अजून वर."

खालून येताना तिने ओढ्याकाठची झाडं एकेक करून बघितली होती. हाताला लागेल तेवढ्या प्रत्येक फांदीचं टोक काळं होतं. चढ अर्ध्यावर आला तसा काळा रंग विरळ झाला. कड्यावर वारा होता, आणि ओकची पानं नुकतीच उघडलेली, पितळेच्या रंगाची, जिवंत. सुप्रभाने एक फांदी वाकवून धरली. तिच्या पन्नाशीच्या डोळ्यांना टोकाशी काहीच दिसेना.

"बघा तुम्ही."

गिरीशने लेन्स डोळ्याला लावलं आणि टोकावर नजर रोखली. वीस वर्षांत रक्ताचे नमुने बघताना त्याचा चेहरा असाच होत असणार, असं तिला वाटलं. तिने त्याला कामावर कधी पाहिलं नव्हतं.

"थांब... हलवू नकोस. अगं, आहे! टाचणीच्या डोक्याहून लहान. लाल. आणि हे दुसरं. सुप्रभा, काय सुंदर आहे हे!"

"मेलेलं नाही ना?"

"छे, छे. एकदम फ्रेश. याची स्लाइड करायला पाहिजे."

"स्लाइड-बिइड काही नाही. एकच डहाळी तोडायची. बाकी त्यांना धरू दे."

त्यांनी चार-पाच झाडं पाहिली. सगळीकडे तसंच होतं. उतरताना गिरीश दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा डहाळी धरलेला हात त्याने वर ठेवला.

हिबर्डच्या कॉटेजमध्ये ऊन अजून खिडकीवर होतं. सुप्रभाने लेन्स त्यांच्या डाव्या हातात दिलं, डहाळी स्वतः धरली. ते खूप वेळ बघत राहिले. बघून झाल्यावरही त्यांनी लेन्स खाली केलं नाही.

"वर," ते म्हणाले. "मका... वर. टॅरंट. आज."

"मी जाते. आणि चूक माझी होती, तेही सांगते."

"नको." त्यांनी मान हलवली. "मी... बोललो."

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून बोललात. आमच्या कामात नियम आहे, मिस्टर हिबर्ड. चुकीचं ज्याने लिहिलं, त्यानेच खोडून सही करायची."

हिबर्डनी तिच्याकडे बघितलं. तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली. "जा तर," ते म्हणाले.

टॅरंट शेडमध्ये होता. ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडलेलं होतं आणि बियाण्याची पोती ट्रेलरवर चढली होती. सगळं ऐकून घेऊन त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं.

"शुक्रवारी खाली, सोमवारी वर. नर्स, बोलायला वाईट वाटतं. पण म्हातारा थकलाय. मला वॉल्टरचा आदर आहे, तरी—"

"शुक्रवारी ते माझं बोलणं बोलले," सुप्रभा म्हणाली. "आज ते स्वतःचं बोलतायत." मग तिने त्याला आंबा, धुकं, जमिनीवर पडणारा मोहोर, सगळं सांगितलं. गाल तापले होते, पण ती थांबली नाही.

"आंबा?" टॅरंट म्हणाला.

"आंबा."

"म्हणजे तुमच्या वडिलांच्या आंब्याने माझा मका बुडवला असता?"

"तेच सांगायला आलेय. अजून बुडालेला नाही."

टॅरंटला हसू आवरलं नाही. "माझ्या सासूने असं काही कबूल केलेलं मला बघायचंय एकदा!" असं म्हणत सुप्रभाने ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेल्या दोन डहाळ्या त्याने उचलल्या, एक काळी, एक पितळी. हसू ओसरलं. तो शेतकरी होता. जळलेली फूट त्याला लेन्सशिवाय दिसत होती.

"खालची सगळी अशी?"

"ओढ्याकाठची सगळी. मी हात लावून बघून आलेय."

"वरचा तुकडा दगडाळ आहे. यंत्राचे दात मोडतील." तो पोत्यांकडे बघत राहिला. दारात चिखलाने माखलेल्या बुटांत उभा असलेला गिरीश दिसला, तसा म्हणाला, "तुमचे मिस्टर?"

"हो. लेन्स त्यांचं."

टॅरंटने गिरीशच्या बुटांकडे एकदा पाहिलं. मग त्याने टोपी घातली.

"उद्या वर पेरतो. वॉल्टरला सांगा. नाही, थांबा, तुम्ही नका सांगू." तो शेडबाहेर पडला. "मीच जातो. एकदा विचारून आलो, आता परत विचारतो. त्यालाच सांगू दे."

कॉटेजच्या खिडकीपाशी टॅरंट वाकून उभा आहे आणि आतून एक डावा हात टेकडीच्या दिशेने उंचावलेला आहे, एवढं सुप्रभाला घरी जाताना गाडीतून दिसलं.

त्या वर्षी उन्हाळा सौम्य गेला. कड्यावरच्या झाडांना हिरवी बोंडं धरली आहेत, हे हिबर्डना ऑगस्टमध्ये कळलं. ती पिकून पडलेली त्यांनी पाहिली नाहीत. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते गेले, त्यांच्याच पलंगावर, दुपारी. त्यांच्या पायाला शेवटची पट्टी सुप्रभानेच बांधली. आता तिची गरज नव्हती, तरी नीट, टोक खोचून.

नोव्हेंबरात शिकारीच्या पहिल्या शनिवारी टॅरंटचा फोन आला. दिवस संपताना या, म्हणाला, मिस्टरांनाही आणा. ती आणि गिरीश पोचले तेव्हा बंदुका रिकाम्या होऊन पिशव्यांत गेल्या होत्या आणि कुत्री ट्रेलरखाली निजली होती. गुरांचा डॉक्टर सांगत होता की खालच्या रानात सकाळपासून एक पान हललं नाही. सगळं वर होतं. फेझंट मक्यातून ओकखाली आणि ओकखालून मक्यात, दिवसभर. टेकडीपलीकडे गेलेलं पाखरू त्याने तरी पाहिलं नाही. हरणंही वरच, गव्हात एकही उतरलं नव्हतं.

"वॉल्टरने एक दिवस चुकायला हवं होतं," बिल्डर म्हणाला. "म्हणजे माणूस आहे असं वाटलं असतं."

"एकदा चुकणार होता," टॅरंट म्हणाला. "आंब्यापायी." पण पुढे त्याने काही सांगितलं नाही, आणि कोणी विचारलं नाही.

शेडच्या भिंतीशी पाखरं जोडी-जोडीने दोरीवर टांगलेली होती. प्रत्येक शिकाऱ्याने जाताना एक जोड न्यायचा, आणि त्याआधी, सगळ्यांच्या अगोदर, पहिला जोड कीपरचा. हा नियम सगळ्यांना माहीत होता. म्हणून कोणीच पुढे होईना. माणसं उगाच हातमोजे झटकत, कुत्र्यांशी बोलत उभी राहिली. टॅरंटने दोरीवरून पहिला जोड सोडवला, त्यात मोठी पाखरं आहेत ना हे बघितलं, आणि तो सुप्रभासमोर आला.

"कीपरचा," तो म्हणाला. "त्याच्या घरी कोणी नाही."

आगाशांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. सुप्रभाने जन्मात मेलेलं पाखरू हातात धरलं नव्हतं. गिरीशने घसा खाकरला. काहीतरी नम्र, योग्य, इंग्रजी असं तो आता बोलणार, हे तिला कळलं. तिने त्याला बोलू दिलं नाही. हातमोजे काढून तिने दोन्ही हात पुढे केले आणि जोड घेतला.

"थँक यू," ती म्हणाली. सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या, हे तिला जरा वेळाने दिसलं.

गिरीशने गाडी सुरू केली आणि हीटर लावला.

"सुप्रभा," तो म्हणाला, "आपण याचं करणार काय आहोत?"

"माहीत नाही. मिसेस लव्हेलना विचारू. पण आज रात्री आपल्याकडे असू देत."

"बरं," तो म्हणाला, आणि पाखरांकडे बघून त्याने हीटर थोडा कमी केला.

पाखरं तिच्या चांगल्या कोटावर, मांडीत होती. रस्त्याच्या वळणावर गाडी कलली आणि ती घसरू लागली, तेव्हा तिने त्यांच्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत तो तिने काढला नाही.